होडीचा पंखा : निवड आणि पारख
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून होडीच्या पंख्याविषयी बोलणार, हे ऐकून कित्येकांना नवल वाटले असेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची चूल लहान होडीवर पेटते, आणि त्या होडीच्या मागील फळीवर आज वल्ह्याच्या जागी आउटबोर्ड इंजिन बसले आहे. इंजिन होडी चालविते असे आपण म्हणतो. वस्तुतः इंजिन केवळ दांडा फिरविते. पाणी मागे लोटून होडी पुढे नेण्याचे काम पंख्याचे. होडी जड चालू लागली की घरात गोष्ट निघते ती मोठ्या इंजिनाची, आणि तिच्या पाठोपाठ कर्जाची. त्या कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी पंख्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा, एवढ्याचसाठी आम्ही आज उभे आहोत. पंख्याची किंमत इंजिनाच्या मानाने अल्प असते.

केवळ ताकद वाढवून भागत नाही, याचा दाखला फार मोठ्या माणसाने घालून दिलेला आहे. चार्ल्स पार्सन्स या इंग्रज इंजिनियराने १८९४ साली ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नौका पाण्यात सोडली. ताकद विपुल, पण वेग निराशाजनक. एकच पंखा इतक्या वेगाने फिरे की पात्यांच्या पाठीमागे पाण्यात पोकळ्या पडत आणि जोर वाया जाई. पार्सन्सने पंख्यांच्या परीक्षेसाठी पाण्याचे खास यंत्र बनविले, टर्बाइनचे तीन भाग केले, तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे बसविले, आणि १८९७ साली स्पिटहेडच्या आरमारी संचलनात तीच नौका चौतीस नॉटांच्या आसपास वेगाने धावली.

आता आपल्या होडीकडे वळू. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, म्हणजे पाती फिरताना जे वर्तुळ आखतात त्याच्या रुंदीचा, दुसरा पिचचा. पंखा लाकडात शिरणाऱ्या स्क्रूप्रमाणे न घसरता चालला, तर एका फेऱ्यात जितके इंच पुढे जाईल तितके त्याचे पिच. समजा, इंजिन मिनिटास ५,००० फेरे घेते आणि त्याच्या दोन फेऱ्यांमागे पंख्याचा एक. दहा इंच पिचचा पंखा मिनिटास पंचवीस हजार इंच, म्हणजे ताशी सुमारे अडतीस किलोमीटर जावयास हवा. प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण पाणी म्हणजे लाकूड नव्हे, ते सरकते. हलक्या, वेगवान होडीत ही घसर दहा ते वीस टक्के असते. जाळी, बर्फ आणि माणसे भरलेल्या जड होडीत त्याहून पुष्कळ अधिक. यास्तव जड होडीला मोठा व्यास आणि कमी पिच मानवते : थोडे पाणी जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी संथपणे लोटणे तिच्या हिताचे.

मग नेमका कोणता पंखा घ्यावा? शेजाऱ्याच्या होडीवर आहे तो नव्हे, आणि रिकाम्या होडीला पळवितो तोही नव्हे. याचा निवाडा टॅकोमीटर करतो. स्पार्क प्लगच्या तारेवर वायर गुंडाळून फेरे मोजणारे छोटे टॅकोमीटर मिळतात. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण मूठ उघडल्यावर किती फेरे पडावेत याच्या दोन मर्यादा छापलेल्या असतात. लहान चार-स्ट्रोक इंजिनांत त्या बहुधा ५,००० ते ६,००० अशा आढळतात. शांत पाण्यात, नेहमीचा पूर्ण भार घालून, मूठ पूर्ण उघडून आकडा वाचावा. वेगही पाहावयाचा तर मोबाइल फोनच्या जीपीएसवर पाहावा, मात्र भरती-ओहोटीचा ओघ असतो म्हणून एकदा जाताना व एकदा येताना पाहून सरासरी काढावी.

समजा, दहा इंच पिचच्या पंख्याने ४,९०० फेरेच पडले. पिच एक इंचाने घटविल्यास साधारणपणे दोनशे फेरे वाढतात. तेव्हा आठ इंचाच्या पंख्याने ५,३०० च्या जवळपास पोहोचता येईल. फेरे कमी पडत असताना इंजिन कण्हत राहते, तापते, आत काजळी धरते, पेट्रोल खाते. आणि लाटा उसळणाऱ्या खाडीच्या मुखाशी हवा तो जोर ऐन वेळी मिळत नाही. तेथे आतल्या माणसांच्या जिवाची गोष्ट असते. उलट पिच फार कमी केले तर फेरे मर्यादेबाहेर जातात, आणि लाटेवर मागची बाजू उचलली गेली की इंजिन किंचाळते. तेही बरे नव्हे.

ज्या होड्या काही दिवस जाळी वाहतात आणि सुटीच्या दिवसांत पर्यटकांना फिरवितात, त्यांचा प्रश्न थोडा निराळा. दोन भारांत फार अंतर असेल तर दोन पंखे बाळगावेत. एकच परवडत असेल तर जड भाराचा घ्यावा, आणि हलक्या फेरीत मूठ आवरून धरावी. ज्या घरांत इंधनाच्या हिशेबाची वही भगिनींच्या हाती असते, त्यांनी पंखा बदलल्याची तारीख वहीत लिहून ठेवली तर महिन्याभरात खरेखोटे आपोआप दिसेल. आमचा त्या वहीवर दुकानदाराच्या शब्दापेक्षा अधिक विश्वास आहे.

इंजिनाच्या उंचीकडेही पाहावे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाशी जवळजवळ समपातळीत असावी. ती फार वर राहिली तर पंखा वरची हवा ओढून घेतो आणि फेरे एकदम उडतात. ॲल्युमिनियमचे पाते खडकाला लागून वाकले तर हातोडीने ठोकून सरळ करू नये, कुशल कारागिराकडे न्यावे. स्टेनलेसचे पाते चिवट खरे, पण धक्का तो गिअरपर्यंत पोहोचविण्याची धास्ती असते. खडकाळ किनाऱ्यावर आम्ही ॲल्युमिनियमच पसंत करू.

होडीत एक जादा पंखा, त्याचा नट, कॉटर पिन आणि पाना एका पिशवीत बांधून ठेवावा. ज्या इंजिनाच्या पंख्यात धक्क्याला तुटणारी पिन असते, तेथे तिच्या दोन-तीन पिना अधिक असाव्यात. मंचाजवळील मेजावर आम्ही तीन निरनिराळे पंखे मांडले आहेत. सभा आटोपल्यावर मुलांनी त्यांवरील आकडे वाचून पाहावेत, आणि ज्यांनी आपल्या होडीचे फेरे मोजले असतील त्यांनी ते घेऊन यावे. आपण तेथेच हिशेब करू.