उपासमारीनंतरचा पहिला घास

उपाशी माणसास अन्न देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे आणि ते यथार्थच आहे. तथापि, दीर्घकाळ अन्नावाचून राहिलेल्या देहास एकाएकी पोटभर जेवू घातले, तर तेच अन्न जिवावर बेतू शकते, ही गोष्ट अद्याप पुष्कळांना ठाऊक नाही. माजलगावसारख्या तालुक्यात अवर्षण आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर ही दोन्ही संकटे परिचयाची आहेत. म्हणून येथील सरपंच, शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामसेवक यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

१९७२ चा दुष्काळ बीड जिल्ह्यातील वृद्धांच्या स्मरणात आहे. सिंदफणेवरील माजलगावचे धरण तेव्हा झालेले नव्हते. खडी फोडण्याची, रस्त्यांची व तलावांची कामे निघाली. तांबडी मिलो ज्वारी आली. कामांवर सुकडी वाटली गेली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. या कामांचे मोठे श्रेय असे की, देह खंगून जाण्यापूर्वीच बहुसंख्य लोकांच्या हाती मजुरी आणि घरी धान्य पोहोचले. उपासमार होऊ न देणे हाच पहिला उपाय होय. कारण ती एकदा झाली की केवळ धान्य पुरवून भागत नाही. ते कसे द्यावे, याचेही शास्त्र पाळावे लागते.

अन्न मिळेनासे झाले की शरीर आधी साठवलेली साखर, नंतर चरबी आणि स्नायू जाळून जगते. या काळात फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम या क्षारांचा पेशींतील साठा रिता होत जातो. रक्तातील त्यांचे प्रमाण मात्र बरेचदा ठीक दिसते, त्यामुळे धोका लक्षात येत नाही. अशा वेळी भात, भाकरी वा गोडधोड भरपूर खाल्ले की इन्शुलिन एकदम वाढते. साखरेबरोबर हे क्षारही रक्तातून पेशींत ओढले जातात आणि रक्तात त्यांचा तुटवडा पडतो. हृदयाचे ठोके अनियमित होतात, श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपल्याने भ्रम होतो. शरीरात मीठ व पाणी साचून पायांवर सूज येते. बहुधा पहिल्या चार-पाच दिवसांतच हे सारे घडते. वैद्यकशास्त्रात यास ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात.

जगाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बेलसेनची छळछावणी मुक्त केली. सैनिकांनी कनवाळूपणाने आपल्याजवळचे डबाबंद अन्न कैद्यांना दिले. ते न सोसल्याने अनेकजण दगावले. पुढे बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात वापरलेले पातळ मिश्रण तेथे देण्यात आले. परंतु ते अतिगोड असल्याने कित्येकांना घेववले नाही.

आपल्या परंपरेस ही सावधगिरी अपरिचित नव्हती. आयुर्वेदात शरीरशोधनानंतर ‘संसर्जन क्रम’ सांगितला आहे. प्रथम पातळ पेया, मग दाट विलेपी, त्यानंतर कडधान्याचे यूष आणि शेवटी मांसरस असा तो क्रम आहे. शोधन पूर्ण झाले असल्यास तो बारा अन्नकाळ पाळावयाचा असतो. महात्मा गांधींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील एकवीस दिवसांचे उपोषण ३ मार्च १९४३ रोजी सोडले, तेही पाणी मिसळलेला संत्र्याचा रस घेऊन. घरोघरी आजाऱ्यास भाताची पेज देतात, त्यामागेही हाच विवेक आहे.

एकादशीच्या उपवासाने निरोगी माणसास हा धोका नसतो. मात्र पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेली व्यक्ती जपूनच जेवली पाहिजे. हा काळ दहा दिवसांहून अधिक असेल, तर धोका मोठा समजावा. दीर्घ उपोषणास बसलेले आंदोलक, प्रदीर्घ धार्मिक उपवास करणारे, क्षयासारख्या रोगाने खंगलेले रुग्ण, मद्याच्या आहारी जाऊन जेवण तुटलेले लोक आणि एकटे राहणारे वृद्ध यांचा येथे विशेष विचार व्हावा. धोका मोठा असल्यास रुग्णालयात प्रथम थायमिन देतात आणि वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १० किलोकॅलरी एवढ्याच आहाराने आरंभ करतात. म्हणजे चाळीस किलो वजनाच्या माणसास पहिल्या दिवशी ४०० किलोकॅलरी. पुढे चार ते सात दिवसांत, रक्ततपासणी करीत, हे प्रमाण पूर्ण गरजेपर्यंत वाढवतात.

बालकांच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषित समजावे. त्यातच ते खात नसेल, मलूल असेल वा आजारी असेल, तर त्यास पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे. तेथे आरंभी १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असलेला दुधाळ आहार दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, देतात. प्रकृती स्थिरावल्यावरच १०० किलोकॅलरीचा आहार सुरू होतो. लोहाचे औषधही आरंभी देत नाहीत. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबातील अशक्त मूल लवकर बाळसे धरावे म्हणून त्यास आग्रहाने चारणारी आजी मायेपोटीच चारते. तिला दोष न देता हा क्रम समजावून सांगितला पाहिजे.

उपोषण सुटताना पेढे व जेवणावळ यांऐवजी डॉक्टरांची उपस्थिती असावी. आहार सुरू केल्यावर पायांवर सूज, धाप, छातीत धडधड, हातापायांतील बळ जाणे, असंबद्ध बोलणे वा झटके यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. शाळेत पालकांची सभा असो वा ग्रामसभा असो, ही लक्षणे तेथे वाचून दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात. अन्नदानाची वृत्ती मराठवाड्यास शिकवावी लागत नाही. त्या वृत्तीस थोड्या सबुरीची जोड मिळाली, तर उपासमारीतून वाचलेला जीव ताटावर गमावण्याची वेळ कोणत्याही घरावर येणार नाही.