कामाच्या फटीतली शिवण



आमच्या देवळा तालुक्यात कुणाच्याही घरी गेलात, तर पाहुण्याला बसायला सतरंजी टाकतात त्याच खोलीत बहुतेक वेळा एक शिलाई मशीन भिंतीला लागून उभी दिसते. कुणाची लग्नात माहेराहून आलेली, कुणाची जिल्हा परिषदेच्या योजनेतून मिळालेली, कुणाची महिन्याच्या हप्त्यांवर घेतलेली. शिवणीवर पोट भरणाऱ्या बाया गावोगावी आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे; पण आज मी बोलणार आहे ते त्या शिवणीबद्दल नाही. ज्या शिवणीची पावती फाडली जात नाही, जी घरातल्या माणसांसाठी आणि स्वतःच्या हौसेसाठी होते, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

छंदासाठी वेगळा वेळ काढणं शेतकरी घरात फार थोड्या जणींना जमतं. पहाटे गोठा, मग स्वयंपाक, मग रान, दिवेलागणीला पुन्हा चूल. तरीही शिवण टिकली, कारण ती कामांच्या फटीत मावते. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत एक बाही जोडून होते. गाणं, चित्र, वाचन यांना सलग वेळ लागतो. शिवण मात्र कुठेही थांबवता येते. कापडात सुई रोवून उठायचं, गाईला पाणी दाखवून यायचं आणि त्याच टाक्यापासून पुढे चालू करायचं. शेजारची आजी दारातूनच विचारते, "काय शिवी ऱ्हायनी वं?" आणि उत्तर द्यायला हात थांबवावा लागत नाही.

शिवणीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती फेरशिवण. नवा कपडा शिंपीदादाही शिवून देतात आणि बहुधा आपल्यापेक्षा सुबक शिवतात. पण घरातला कपडा माणसाबरोबर वाढवणं, आटवणं, एकाचा दुसऱ्याला करणं, हे काम घरातच होतं. ब्लाऊज बेतताना जाणती बाई बाजूच्या शिवणीत दोन बोटं माया सोडते. वर्ष-दोन वर्षांत अंग भरलं की आतली टीप उसवायची आणि नवी टीप जरा बाहेरून मारायची. उसवण्याचीही रीत आहे. दोरा हिसकून ओढला तर टू बाय टूसारखं पातळ कापड हमखास फाटतं. दर चार-पाच टाक्यांवर ब्लेडच्या टोकाने एका बाजूचा दोरा तोडत जायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूचा दोरा एका ओढीत सुटून येतो. मग त्या जागेवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की सुईची भोकं मिटतात आणि जुनी शिवण कुठे होती ते सांगावं लागतं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी घरोघरी गणवेश येतात, तेही असेच. पँट लांबीला मोठी घ्यायची, खालची पट्टी आत दुमडून हातशिलाईने तुरपाई करायची. मशीनची टीप मारायची नाही, कारण ती उसवल्यावर रेघ राहते. पुढच्या वर्षी तुरपाई सोडली की पँट पुन्हा पायाला येते. वडिलांच्या शर्टाची कॉलर घासून विरली की ती उसवून उलटी लावायची. आतली कोरी बाजू वर येते आणि शर्टाला आणखी वर्षभराचं आयुष्य मिळतं. असा कॉलर उलटवलेला शर्ट घालून माझे सासरे लग्नाकार्यांना जात आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नसे.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे कापडावर कंट्रोल आला होता. त्या काळात इंग्लंडच्या सरकारने १९४३ साली एक पुस्तिका छापून आपल्या बायकांना जुने कपडे दुरुस्त करून वापरायला शिकवलं. आपल्याकडच्या आज्यांना अशा पुस्तिकेची गरज पडली नाही. लुगड्याचं परकर-पोलकं, परकराचं दुपटं, दुपट्याचं लंगोट आणि शेवटी चूल पुसायचं धुडकं, हा सगळा प्रवास त्यांच्या बोटांना पाठ होता.

आमच्याकडच्या शिवणीचं वेळापत्रक कांदा ठरवतो. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड लागली की सगळं घर वाफ्यात वाकलेलं असतं. तेव्हा मशीनला हात लागत नाही. लागलाच तर दाभणाला लागतो, कारण धान्य आणि मका पसरायला बारदान जोडून तळवट शिवायचा असतो. सुतळीने गोणपाट शिवणं हीसुद्धा शिवणच आहे, आणि ती बहुतेक घरांत पुरुष करतात. सुई हे बाईचंच हत्यार आहे असं म्हणणाऱ्यांनी खळ्यावर जाऊन बघावं. मार्च-एप्रिलमध्ये काढणी होते, कांदा चाळीत पडतो, आणि मग मे महिन्याच्या दुपारी मोकळ्या मिळतात. या दुपारी गोधडीच्या.

गोधडी मी थोडी तपशिलात सांगते, कारण इथे हात आणि घर दोन्ही दिसतात. जुनी लुगडी, साड्या, धोतरं आधी धुवून, कडक उन्हात वाळवून ठेवतात. गिरणाकाठच्या गावांत हे धुणं नदीवर जायचं. मग सारवलेल्या किंवा फरशीच्या मोकळ्या जागेवर खालची साडी ताणून पसरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मधले थर विरलेल्या कापडाचे. जिथे कापड जास्त झिजलंय तिथे तुकडा जास्त घालायचा, नाहीतर गोधडी एका जागी पातळ राहते आणि थंडीत तिथूनच गारवा शिरतो. वरून अंगाला लागणारी साडी मऊ सुती हवी. सिंथेटिक साडी घातली तर घाम टिपत नाही आणि थर आतल्या आत सरकतात. आधी लांब-लांब कच्चे टाके घालून सगळे थर पकडायचे, मग काठापासून धावदोरा सुरू करायचा. चार बाजूंनी चार जणी बसतात. प्रत्येकीचा टाका वेगळा असतो आणि जाणकार बाई नुसत्या बोटाने चाचपून सांगते, ही ओळ थोरल्या जाऊबाईंची, ही धाकटीची. कोणती साडी कुठे गेली हेही सगळ्यांना माहीत असतं. लग्नातला शालू नाही घालत, पण बारशाला नेसलेली, वाणाची, आजीची शेवटची लुगडी हमखास गोधडीत जातात.

श्रावण अमावस्येला पोळा. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. तरी ज्याच्या दावणीला बैल आहे तो झुलीची हौस करतोच. विकतच्या झुली बाजारात चमकतात, पण घरी शिवलेली झूल बैलाच्या पाठीच्या मापाची असते. जुन्या रंगीत साडीचे तुकडे, कडेला गोंडे, आत गोणपाटाचं अस्तर. माझ्या मते गावातली सगळ्यात देखणी शिवण पोळ्याच्या दिवशी रस्त्यावर फिरते.

आणि बाळंतविडा. माहेरून जाणारी झबली, टोपडी, दुपटी, कुंची. झबल्याला बटण लावत नाहीत, मागे बंद ठेवतात, कारण बाळ पाठीवर निजलेलं असलं तरी बंदाची गाठ बाजूला सरकवता येते आणि बाळ वाढलं की बंद सैल बांधता येतो. पहिली झबली नव्या कापडाची शिवूच नयेत, आजोबांच्या वापरून मऊ झालेल्या धोतराची शिवावीत. जुन्या बायांचा हा आग्रह मला अगदी पटतो. कोऱ्या कापडातली खळ तान्ह्या अंगाला टोचते. शिवणीची कडा आतून राहू नये म्हणून उलट-सुलट दोनदा टीप मारून ती आत कोंडून टाकतात. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणाचं काळं झबलं मात्र नवं, हलव्याच्या दागिन्यांबरोबर उठून दिसेल असं.

या मशीनचा इतिहास दूरच्या देशांतला आहे. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० च्या सुमारास शिवणयंत्र चालवलं, तर आपला धंदा बुडेल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनीच त्याचा कारखाना मोडून टाकला. अमेरिकेत एलायस हाऊने १८४६ मध्ये पेटंट घेतलं ते सुईच्या टोकाशी नेढं असलेल्या आणि खालून दुसऱ्या दोऱ्याने टाका अडकवणाऱ्या यंत्राचं. आपल्या मशीनमध्ये आजही तेच चालतं. वरचा दोरा रिळाचा, खालचा बॉबिनचा, आणि दोघांची गाठ कापडाच्या पोटात. मग १८५१ मध्ये सिंगर आला आणि काही वर्षांतच त्याच्या कंपनीने हप्त्यांवर मशीन विकायला सुरुवात केली. गांधीजी यंत्रांचे फार चाहते नव्हते, पण १९२४ साली यंत्रांबद्दल बोलताना त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद म्हणून बाजूला काढलं. बायकोचे हातशिवणीचे कष्ट बघून, तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने ते बनवलं, असं त्यांनी म्हटलं. सिंगरचा खरा इतिहास बराच व्यापारी आहे. पण घरातल्या माणसाचे कष्ट हलके करणारं यंत्र वेगळं मोजावं, हे गांधीजींचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं.

महाराष्ट्रात हे हत्यार बायकांच्या हाती जाणतेपणाने देणाऱ्यांत रमाबाई रानड्यांचं नाव घ्यावं लागेल. १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिक्षणाबरोबर शिवणही शिकवली जायची, विधवा आणि परित्यक्तांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. आज आयटीआयमध्ये शिवणीचे वर्ग आहेत आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे. ज्यांना धंदा करायचा त्यांनी तिकडे जरूर जावं.

घरच्या शिवणीला खरा धोका तयार कपड्यांच्या स्वस्ताईचा आहे. आठवडे बाजारात मुलाचा शर्ट इतक्या कमी पैशांत मिळतो की कापड, दोरा, बटणं आणि मजुरी धरली तर घरी शिवणं परवडत नाही. हे खरं आहे आणि ते मान्य करून पुढे जायला हवं. पैसे वाचतात म्हणून शिवा, असं मी म्हणणारच नाही. पण त्या स्वस्त शर्टाच्या शिवणीत आत कापडच सोडलेलं नसतं. तो वाढवता येत नाही, आटवता येत नाही, उसवला तर कड विरते. तो विकत घेतो तेव्हाच त्याचा शेवट ठरलेला असतो. घरात मशीन चालती असली की निदान पिशवी, उशीचा अभ्रा, परकराचा नेफा, पडद्याची पट्टी यांसाठी बाजाराकडे धावावं लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे सगळ्यांनी पाहिलं. मास्क मिळत नव्हते, तेव्हा घराघरांतल्या मशिनी उघडल्या आणि बचत गटांच्या बायांनी कापडी मास्क शिवून दिले.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे की मशीन चालती ठेवा. पायडलची असेल तर फारच चांगलं, भारनियमन संपायची वाट बघावी लागत नाही. महिन्यातून एकदा तेलाच्या छिद्रांत दोन-दोन थेंब तेल घाला, चिंधीवर थोडी चालवा म्हणजे जास्तीचं तेल तिथेच टिपलं जाईल आणि नव्या कापडावर डाग पडणार नाही. दात्यांवरची पट्टी काढून तिथला धाग्याचा भुसा जुन्या टूथब्रशने काढा. टाका सुटतो म्हणून कारागिराकडे नेलेल्या मशिनींत अनेकदा एवढाच आजार असतो. टाका उलट्या बाजूने सैल येत असेल तर आधी वरचा दोरा नीट ओवला आहे का बघा, मग पेचाला हात लावा. सुती कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर पहिल्या धुण्यात शिवलेलं माप फुकट जातं.

आणि घरातल्या मुलांना मशीनवर बसवा. मुलीला बसवता, तसं मुलालाही. लहान मुलांच्या बोटांना सुईची भीती असते, ती रागावून जात नाही. पहिल्या दिवशी कापड देऊ नका, दोराही ओवू नका. वहीचा रेघी कागद द्या आणि रेघेवरून सुई नेत सरळ भोकं पाडायला सांगा. पाय आणि हात यांचा मेळ बसायला काही दिवस जातात, मग रेघ आपोआप सरळ येते. ती सरळ आली की दोरा ओवायला शिकवा, आणि त्याच्याच दप्तराची उसवलेली शिवण त्याच्या हाती द्या. मे महिन्याच्या सुट्टीत हे सहज होण्यासारखं आहे. यंदा करून बघा.