बिट, बाइट आणि अर्धा तास

बंगळूर शहराच्या वायव्येस असलेल्या यशवंतपूर जंक्शनवरून हुबळी, मिरज आणि पुण्याकडे गाड्या जातात. या मार्गाने बंगळूरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला एके काळी मिरजेस गाडी बदलावी लागे, कारण तेथे रुळांचे माप बदलत असे. डब्यातले सामान तेच, परंतु ते उचलून दुसऱ्या मापाच्या गाडीत ठेवावे लागे. आज त्याच प्रवाशाच्या हातातील दूरध्वनीत असाच मापाचा बदल घडतो, आणि तो मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

रेलटेल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथे वाय-फाय सेवेचा आरंभ केला व पुढे ती यशवंतपूरसह देशातील हजारो स्थानकांवर नेली. मार्च २०२१ मध्ये तिच्या सशुल्क योजना जाहीर झाल्या, त्यांची अट अशी होती: पहिला अर्धा तास विनामूल्य, वेग सेकंदाला १ मेगाबिट, त्यापुढे १० रुपयांत एका दिवसासाठी ५ गिगाबाइट, वेग सेकंदाला ३४ मेगाबिटपर्यंत. एकाच जाहीर निवेदनात वेग बिटांत मोजला आहे आणि माल बाइटांत. गाडीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हवे असते ते निराळेच. अर्ध्या तासात अभ्यासाचे किती साहित्य उतरवून घेता येईल आणि दहा रुपयांचा माल किती वेळ पुरेल, एवढेच त्याचे प्रश्न असतात.

एका बाइटात आठ बिट असतात. म्हणून सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे सेकंदाला ०.१२५ मेगाबाइट. अर्ध्या तासाचे सेकंद १८००. तेव्हा विनामूल्य वेळेत हाती येतात ती २२५ मेगाबाइट. आठाने भागण्याचे विसरून जो हिशेब करील, तो १८०० मेगाबाइटांची आशा धरून बसेल आणि गाडी फलाटास लागेपर्यंत त्याचे काम एक-अष्टमांशच झालेले असेल. आता दहा रुपयांचे पाहू. चौतीसला आठाने भागले की सेकंदाला ४.२५ मेगाबाइट येतात. या वेगाने ५००० मेगाबाइट संपण्यास सुमारे ११७६ सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी वेळ लागतो. दिवसभरासाठी घेतलेला माल पूर्ण वेग मिळाला तर वीस मिनिटांत संपतो, ही गोष्ट निवेदनात कोठेही लपविलेली नाही. ती फक्त दोन मापांत विभागली गेली आहे. प्रत्यक्षात वेग अनेक प्रवाशांत वाटला जातो, आणि प्रत्येक पुडक्याबरोबर पत्ता व क्रमांक यांचेही काही बाइट जातात. त्यामुळे माल अधिक काळ पुरतो, पण तो सावकाश मिळतो.

दोन मापे का असावीत, हा प्रश्न साहजिक आहे. तारेवरून जातो तो एकामागून एक स्पंद. तिला अक्षराशी कर्तव्य नसते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रबंधात 'बिट' हा शब्द वापरला आणि त्याचे श्रेय जॉन टुकी यांना दिले. बाइट हे भांडारातील माप आहे. वर्नर बुखहोल्ट्स यांनी तो शब्द १९५६ मध्ये आयबीएम कंपनीच्या एका संगणकाच्या आखणीच्या वेळी योजला. आरंभी त्यात बिट किती असावेत हे ठरलेले नव्हते. त्याच कंपनीच्या १९६४ मधील 'सिस्टिम ३६०' या संगणकमालिकेनंतर आठाची संख्या रूढ झाली.

रोमन लिपीत ही दोन मापे एकाच अक्षराने दाखवितात: 'बी' लहान काढला तर बिट, मोठा काढला तर बाइट. संकेत नाजूक आहे, पण आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत. 'एमबीपीएस' असे लिहिले की तो एकमेव संकेतही पुसला जातो, आणि वाचकाला आठपटीचा फरक कळण्याचा मार्ग उरत नाही. मराठी मजकुरात हे संक्षेप वापरण्याचा हट्ट म्हणूनच समर्थनीय वाटत नाही. 'मेगाबिट' किंवा 'मेगाबाइट' असा पूर्ण शब्द लिहिण्यास जागा फारशी लागत नाही.

दुसरा घोटाळा हजाराचा आहे. संगणकाच्या स्मृतीत दोनाचे घात सोयीचे, म्हणून १०२४ ला 'किलो' म्हणण्याची सवय पडली. किलोपाशी हा फरक २.४ टक्क्यांचा असतो. गिगापर्यंत पोचता पोचता तो सात टक्क्यांच्या वर जातो. यशवंतपूरचे ५ गिगाबाइट या रीतीने मोजले तर वीसऐवजी एकवीस मिनिटे लागतात. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ मध्ये दोनाच्या घातांसाठी 'किबी', 'मेबी' अशी वेगळी उपपदे सुचविली, पण ती बाजारात रुळली नाहीत. तारेवरचा वेग मात्र नेहमी दशमानातच मोजतात. दूरध्वनीवरील आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो, प्रत्येक मापनास ८ बिट; म्हणून एका संभाषणास ६४,००० बिट. अशा ३२ वाहिन्या एकत्र केल्या की २०,४८,००० बिट होतात. ही संख्या दोनाच्या घातासारखी दिसते, पण तो केवळ योगायोग आहे.

आठाचा भागाकारही सर्वत्र लागू पडत नाही. टेलेक्सच्या दूरमुद्रकाचा वेग सेकंदाला ५० स्पंदांचा. प्रत्येक अक्षरास पाच स्पंद पुरत, पण आरंभाचा एक आणि अखेरचा दीड मिळून साडेसात खर्ची पडत. म्हणजे मिनिटाला ४०० अक्षरे, ६०० नव्हेत. हीच रीत पुढे दूरध्वनीच्या तारेवरील मोडेममध्ये उतरली: आठ बिटांना आरंभाचा व अखेरचा असे दोन बिट जोडले जात. जुने जाणकार म्हणून आठाने नव्हे, दहाने भागत. ९६०० बिटांच्या वेगास त्यांच्या हिशेबी ९६० अक्षरे.

९६०० या आकड्याचा यशवंतपूरच्या शेजाराशी संबंध आहे. मल्लेश्वरम आणि यशवंतपूर यांच्या दरम्यान पसरलेली भारतीय विज्ञान संस्था ही १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या पहिल्या आठ सहभागी संस्थांपैकी एक होती. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रही त्यांत होते. आरंभीच्या काळात शहरांना जोडणाऱ्या भाड्याच्या तारा सेकंदाला ९६०० बिटांच्या होत्या. आज फलाटावर अर्ध्या तासात मिळणारी २२५ मेगाबाइट त्या तारेवरून आणावयाची तर ५२ तास लागले असते.

वेगवान जोडणी कोणती, हे ठरविणारी शासकीय व्याख्याही बदलत गेली आहे. २००४ च्या धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट हे ब्रॉडबँडचे माप होते, म्हणजे ३२ किलोबाइट. २०१३ मध्ये ते ५१२ किलोबिट झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट, म्हणजे २५० किलोबाइट. स्थानकांवरील विनामूल्य सेवेचा १ मेगाबिटांचा वेग २०२१ मध्ये त्या व्याख्येच्या जवळजवळ दुप्पट भरत होता. दोन वर्षांनी तोच वेग व्याख्येच्या निम्मा ठरला.