जी दक्षिणची वेस

पत्ता विचारला की आपण प्रभादेवी म्हणतो, फार तर पिन कोड सांगतो, ४०००२५. पण नळाला पाणी आलं नाही की फोन जातो तो ‘जी दक्षिण’ला. ते आपल्या वॉर्डाचं सरकारी नाव. बाहेरगावच्या पाहुण्याला ते रेल्वेच्या डब्याचं वाटतं, आणि त्याचं फारसं चुकत नाही.

पालिकेनं मुंबई अक्षरांत मांडली. फोर्ट-कुलाब्याला ‘ए’. पुढे १९५० आणि १९५७ साली उपनगरं पालिकेत आली, तशी अक्षरं वाढत मुलुंडला ‘टी’पर्यंत गेली. मधली आय, जे, ओ आणि क्यू मात्र कुणाच्याच वाट्याला आली नाहीत. ‘आय’ आणि ‘ओ’ कागदावर एक आणि शून्यासारखे दिसतात म्हणून गाळले असतील, असा आपला माझा तर्क.

गावाला वेस असते. जी दक्षिणची वेस कुठली? पश्चिमेला समुद्र, पूर्वेला रेल्वेचे रूळ, दक्षिणेला महालक्ष्मी. उत्तरेची हद्द मात्र घरांमधून, गल्ल्यांमधून जाते. ती ओलांडली की जी उत्तर, म्हणजे दादर-माहीम. ती काही डोळ्यांना दिसत नाही.

दिसतो तो जमिनीचा चढ-उतार, पावसाळ्यात. वरळी हे एके काळी वेगळं बेट. त्याच्या आणि परळच्या मधल्या सखल भागात भरतीचं पाणी शिरायचं. अठराव्या शतकात महालक्ष्मीपाशी बांध घालून समुद्र अडवला, त्याला इंग्रजांनी हॉर्नबी वेलार्ड म्हटलं. पुढे त्या खोलगट जमिनीवर गिरण्या, चाळी आणि आता टॉवर उभे राहिले. पण भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, की पाणी अजूनही जुनी वाट शोधतं. म्हणून वरळीत लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर इथे पंप बसवावे लागले.

कारभार चालतो १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानं. वॉर्डाचा प्रमुख सहायक आयुक्त, त्याच्या वर उपायुक्त, सगळ्यांच्या वर आयुक्त, आणि आयुक्ताला नेमतं राज्य सरकार. महापौर मिरवतो, सही आयुक्ताची चालते. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढची निवडणूक होईपर्यंत प्रशासकच सर्वेसर्वा होता. सिद्धिविनायकाच्या मंदिराला तर १९८० चा स्वतंत्र कायदा आहे, त्याच्या नावातच प्रभादेवी आहे. देवाचंही प्रशासन असतं, मंडळी.

पण आमच्या लहानपणी आम्हाला आयुक्त माहीत नव्हता, चावीवाला माहीत होता. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटे यायचा. रस्त्यातलं झाकण उचलायचा, वाकून चावी अडकवायचा आणि मोजून फेरे द्यायचा. दोन फेरे कमी पडले की वरच्या मजल्यावर बादली अर्धीच. बायका त्याला ‘काय भाऊ, आज उशीर?’ असं जरा जपूनच विचारायच्या. पालिका म्हणजे तो.

आता पुन्हा वेशीकडे येतो. रुळांच्या पलीकडे परळ, तिथे ‘एफ दक्षिण’. वॉर्ड दुसरा, रेल्वेही दुसरी. परळ स्टेशन मध्य रेल्वेचं, अलीकडचं एल्फिन्स्टन रोड पश्चिम रेल्वेचं. या दोन्ही स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसं कित्येक पटींनी वाढली, जिना तेवढाच राहिला. मग लष्करानं पूल बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो उघडला. त्याच वर्षी जुलैत एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं. नाव बदलल्याचा मला आनंदच आहे. जिना आधी रुंद झाला असता तर आनंद अधिक झाला असता.

शेजारचा गाड्यांचा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ ला पाडकामासाठी बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तिथे दुमजली पूल ठरला. नवं काम एमएमआरडीएचं, खालचे रूळ रेल्वेचे, आजूबाजूचे रस्ते पालिकेचे. आणि केईएम, टाटा ही रुग्णालयं वेशीपलीकडे. पेशंट मागच्या सीटवर कण्हत असतो आणि टॅक्सीवाला मीटर टाकता टाकता विचारतो, “टिळक ब्रिजवरून घेऊ, की करी रोडवरून?”