अंगठा मिळाला, संमती नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना ‘वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक’ असं म्हटलं गेलं, तेव्हा मागून कोणीतरी "म्हणजे काय बे?" म्हणालं. आवाज ओळखीचा आहे, म्हणून उत्तर देतो. कोणावर कोणता उपचार करायचा, त्याला विचारून करायचा की न विचारता, आणि तोच उपचार सगळ्यांच्या वाट्याला का येत नाही, एवढाच हा विषय. मला तो एका बाईमुळे कळला.

आपल्या हिवरखेडवरून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. खंडव्याची मीटरगेज गाडी इथूनच वाण ओलांडून धूळघाटात चढायची. त्याच डोंगरातून कोरकू माणसं कापूस वेचायला, ज्वारी सोंगायला खाली यायची. आपल्या वर्गातही तिकडचा एक मुलगा होता. ‘पाणी आला’ म्हणायचा आणि आपण हसायचो. मीही हसलो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं नाही. तो पोरगा आपल्यासमोर परकी भाषा शिकत होता, हे मला डॉक्टर झाल्यावर समजलं. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही.

नोकरीची सुरुवात होती. मेळघाटातून एक कोरकू बाई दीड किलोचं बाळ घेऊन आली. श्वास जोरात चालू, पोटावर चटक्यांचे डाग. मी ते डाग पाहून तिला खूप रागावलो. मग भरतीच्या कागदावर अंगठा घेतला, सलाईन लावलं, ऑक्सिजन दिला. उपचारात चूक नव्हती. सकाळी खाट रिकामी होती.

वॉर्डातली म्हातारी मावशी म्हणाली, "डॉक्टर, तुमी तिले रागावले अन् मंग अंगठा घेतला. तिले वाटलं, लेकरू आता सरकारजमा झालं. मले तं इचारायचं, मले येते थोडी कोरकू."

चार दिवसांनी निरोप आला, बाळ गेलं. केसपेपरवर मी आधीच लिहून ठेवलं होतं, ‘नातेवाईक न सांगता निघून गेले.’ ते खरंच होतं. पण न सांगता मीही बरंच काही केलं होतं.

पुढे या विषयाचं वाचन सुरू झालं. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना आजार नीट न सांगता नुसतं पाहत राहिले. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. वाचून संताप आला. मग वाटलं, आपल्याकडे असा कट कोणी केला नव्हता, नुसती घाई होती. आईला त्याने काय फरक पडतो?

मला धीर दिला तो दोन ठिकाणांनी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो छापला. तिथे आईशी तिच्याच गावची बाई बोलत होती, हे मला औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

दुसरं ठिकाण बैरागड. आपल्या शेजारच्या शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे ऐंशीच्या दशकात तिथे गेले. फी दोन रुपये. त्यांना आणि डॉ. स्मिताताईंना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांचं स्वतःचं बाळ जन्मतःच गंभीर आजारी पडलं, तेव्हा लोक अकोल्याला न्या म्हणत होते. स्मिताताईंनी ठरवलं की गावातल्या लेकरांना जो उपचार मिळतो तोच याला. बाळ वाचलं, आणि गाव त्यांचं झालं. खरं सांगू? मी अकोल्याची गाडी पकडली असती, आणि आजही पकडेन. आपल्या निश्चयाची जोखीम बाळाने का उचलावी, या प्रश्नावर मी अजून अडलेलो आहे. पण गावातल्या बाकी बायकांना ती गाडी कधीच नव्हती, हेही विसरता येत नाही.

आता मी संशोधनाच्या नीती समितीवर बसतो. नियमाने तिथे डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही लागतो. वाचता न येणाऱ्याची संमती घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. कागद बहुधा चोख असतात. मी एकच विचारतो, हे तिला कोणत्या भाषेत सांगितलं, आणि तिने परत काय सांगितलं? पुष्कळदा समोरचे तरुण डॉक्टर माझ्यावर वैतागतात. मीही त्या वयात वैतागलो असतो.

या मेळाव्याची यादी करताना मी त्या कोरकू मुलाचं नाव विचारलं. आपल्यापैकी कोणालाच आठवेना. सर, त्या वर्षीचा हजेरीपट शाळेत अजून असेल, तर जाण्याआधी मला तो पाहायचा आहे.