दूरच्या खेळाचे जवळचे चित्र

सुरत शहराची ख्याती जरीची, कापडाची आणि हिऱ्यांची; पण अलीकडच्या काळात टेबलटेनिसनेही या शहराचे नाव दूरवर नेले आहे. २०१८ आणि २०२२ या दोन्ही राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील हरमीत देसाई हा सुरतेचाच. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील टेबलटेनिसचे सामनेही येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्येच खेळले गेले. अशा शहरात घरोघरी मुलांच्या हाती बॅट यावी आणि आईबापांनी कौतुकाने प्रेक्षकांत जाऊन बसावे, यात नवल नाही. उधना-लिंबायतच्या बाजूला स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबेही याला अपवाद नाहीत.

परंतु घरी परतल्यावर मोबाईलवरचे चित्र पाहावे, तर मूल मुंगीएवढे दिसते आणि हात धुक्यासारखा पुसट! मग लांब पल्ल्याच्या भिंगाचा, म्हणजे टेलिफोटो लेन्सचा विचार घरात सुरू होतो. व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात ते सत्तर ते दोनशे मिलिमीटरचे, एफ २.८ चे भिंग नवे घ्यावयाचे तर किंमत लाखाच्या घरात किंवा त्याही पलीकडे जाते. यंत्रमागावर राबणाऱ्या बापाला तेवढ्या पैशांत मुलाचे बूट, प्रवास आणि शिकवणीची फी दिसते. म्हणून निवड डोळसपणे झाली पाहिजे.

भिंगावर दोन आकडे असतात. पहिला नाभीय अंतराचा. तो दूरची वस्तू किती मोठी दिसेल ते सांगतो. दुसरा प्रकाशछिद्राचा, तो भिंगातून किती प्रकाश आत येईल ते सांगतो, आणि हा आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक. सामान्य ग्राहक पहिल्या आकड्याला भुलतो. खेळाच्या चित्राचे यश मात्र पुष्कळदा दुसऱ्यावर अवलंबून असते.

धावत्या मुलाची आकृती स्थिर उमटण्यास कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या पाचशेव्या, शक्य तर हजाराव्या भागापुरताच उघडावा लागतो. समजा, एखाद्या सभागृहाच्या उजेडात एफ १.८ च्या भिंगाने हजारावा भाग साधतो. तेथेच एफ ५.६ चे भिंग लावले, तर जवळजवळ दहापट कमी प्रकाश आत येईल आणि पडदा सेकंदाचा शंभरावा भाग उघडा ठेवावा लागेल. तेवढ्या अवधीत बॅट कोठल्या कोठे गेलेली असते! कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढविता येते, पण चित्र रवाळ होते. भिंगातील कंप थोपविणारी योजना छायाचित्रकाराच्या हाताचा कंप आवरते; खेळाडूची धाव ती थांबवू शकत नाही.

तेव्हा बंदिस्त सभागृहासाठी पंच्याऐंशी मिलिमीटरचे, एफ १.८ चे साधे भिंग पुष्कळ बरे. ते झूम नाही, म्हणून तुलनेने स्वस्त. नेहमीच्या मध्यम आकाराच्या संवेदकाचा कॅमेरा उभा धरला, तर आठ मीटरांवरून सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा भाग त्यात मावतो. म्हणजे मूल चौकटीत छान भरते. फ्लॅश मात्र वापरू नये. खेळाडूचे डोळे दिपतात.

उघड्या मैदानाचा हिशेब निराळा. दुपारच्या उन्हात प्रकाशाची वाण नसते. तेथे सत्तर ते तीनशे मिलिमीटरचे, एफ ४ ते ५.६ चे स्वस्त झूम भिंग उत्तम चालते. क्रिकेटची सीमारेषा खेळपट्टीपासून साठ मीटर दूर असली, तर तीनशे मिलिमीटरच्या भिंगातून आडव्या चौकटीत सुमारे तीन मीटर उंचीचा भाग येतो. दीड मीटरचा मुलगा तिची अर्धी उंची व्यापतो. फुटबॉलमध्ये गोलजवळ उभे राहण्याची परवानगी मिळाली, तर दोनशे मिलिमीटरही पुरतात. पायांनी चार पावले पुढे जाणे हे सर्वांत स्वस्त भिंग होय!

वापरलेले भिंग घेतल्यास पैसे वाचतात. पण सुरतेची हवा दमट, आणि पावसाळ्यात तर विचारायलाच नको. अशा हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते व काचेवरचा लेप खाते. म्हणून विजेरीचा झोत आरपार टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, हे नीट पाहावे. घरी भिंग कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. वर्षातून एकदोनदाच मोठ्या सामन्याला जावयाचे असेल, तर भिंग दिवसभर भाड्याने आणणेच शहाणपणाचे.

मूल कोणता खेळ खेळते, उजेड किती असतो आणि उभे कोठे राहता येते, या तीन प्रश्नांची उत्तरे घरातून घेऊन जो बाप दुकानात शिरेल, तो लाखाचे भिंग न घेताही मुलाच्या हातातली ती बॅट नेमकी टिपून आणील. आणि उरलेल्या पैशांत मुलाचे नवे बूटही येतील.