भूल, औषधसंवेदना आणि कौटुंबिक इतिहास



कुंभकोणम हे कावेरीकाठचे, एकेकाळी तंजावरच्या मराठी राज्यात मोडणारे व्यापारी नगर. दक्षिणेतील अशा नगरांत आर्यवैश्य समाज पिढ्यानपिढ्या व्यापार करीत आला. आपल्या नांदेड-लातूर भागातही तो आहे. भूलशास्त्राला या समाजाच्या अभ्यासातून एक महत्त्वाचा धडा मिळाला आहे.

श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू शिथिल व्हावेत म्हणून सक्सिनिलकोलीन हे औषध देतात. रक्तद्रवातील ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे विकर त्याचे झपाट्याने विघटन करते आणि काही मिनिटांत परिणाम ओसरतो. हे विकर निष्क्रिय असल्यास श्वसनाचे स्नायू काही तास निकामी राहतात. ही उणीव वैश्य समाजात इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. या विकराच्या 307व्या स्थानी ल्युसिनऐवजी प्रोलिन आल्याने ती उद्भवते, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि शतकानुशतके समाजांतर्गत विवाह करणाऱ्या समूहांत असे दोष टिकून राहतात. 2009 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय लोकसंख्येच्या जनुकीय अभ्यासाने ही प्रक्रिया अधोरेखित केली.

ही अ‍ॅलर्जी नव्हे, हे ध्यानात घ्यावे. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा औषधाला शत्रू मानते. रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आकुंचन पावतात आणि अ‍ॅड्रेनलिन तातडीने द्यावे लागते. स्नायुशिथिलक, प्रतिजैविके, लॅटेक्स व क्लोरहेक्सिडीन ही तिची प्रमुख कारणे होत. विकराच्या उणिवेत मात्र रुग्णाला गुंगीत ठेवून श्वसनयंत्राने श्वास चालू ठेवला, की औषधाचा प्रभाव आपोआप सरतो. धोका आधी कळला, तर वेगळे स्नायुशिथिलक निवडता येते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ घरातील कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, असे विचारतात, तेव्हा तो औपचारिक प्रश्न नसतो. पूर्वी त्रास झालेल्या रुग्णाला औषधाचे नाव लिहून द्यावे आणि त्याच्या भावंडांचीही रक्ततपासणी व्हावी. मात्र समाजाचे नाव हे निदान नव्हे: त्या समाजातील बहुसंख्यांना हा दोष नसतो आणि इतरांतही तो संभवतो.

2020 मध्ये सुरू झालेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जमविली असून ती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली झाली. या माहितीचा लाभ तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचणे, हेच आरोग्य-नियोजनापुढील खरे आव्हान आहे.